घामाच्या संध्याकाळी

महिन्यापूर्वी एका सकाळी साखर कारखान्याचा हंगामाचा भोंगा झाला आणि परातीतल्या पिठात माझा हात तसाच थांबला. दरवर्षी थांबतो. दिवाळी सरली की पाटसच्या आमच्या बाजूला हवाच बदलते. उसाच्या बैलगाड्या रस्त्याला लागतात, घुंगरांचा आवाज अंगणापर्यंत येतो. रस्त्यावर सांडलेलं उसाचं पाचट टायरांखाली चुरडलं जातं आणि मळीचा आंबूस-गोड वास दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येऊन बसतो. नव्या माणसाला त्या वासानं मळमळतं. मला त्या वासानं पाय हलवावेसे वाटतात. पोटऱ्यांत काहीतरी जागं होतं.

पूर्वी असं नव्हतं. एक काळ असा होता की हंगाम जवळ आला की मला नकोसं व्हायचं. कारण हंगाम म्हणजे शिफ्ट, आणि शिफ्ट सुटली की हायवेवरचा ढाबा.

आमचे हे, बबन, कारखान्यात ऊस गाळायच्या मिलवर फिटर होते. मूळ गाव भीमेकाठचं वडगाव रासाई. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढं जमीन झाली, ऊस झाला, आणि यांना नोकरी लागली. स्वभाव हसरा. लग्नात माझ्या शिरूरच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नवरा बोलका आहे गं तुझा, कंटाळा यायचा नाही. पहिली दोन-तीन वर्षं खरंच आला नाही. मग थंडीत शिफ्टवरून येताना चार मित्रांबरोबर घोटभर, मग घोटाचा ग्लास, मग मित्रांचीही गरज उरली नाही. आमची रूपाली चालायला लागली त्या सुमाराला यांचा हात थरथरायला लागला होता. सकाळी चहाची बशी हातात धरवायची नाही. जमिनीवर ठेवायचे आणि वाकून प्यायचे. ते बघवत नसे म्हणून मी पाठ करून भांडी घासत बसायचे.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. त्या वर्षी हंगाम नुकताच सुरू झाला होता. मिलच्या जिन्यावरून उतरताना यांचा तोल गेला. खाली रोलर फिरत होते. मागून येणाऱ्या शब्बीरभाईंनी कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. शब्बीरभाई त्यांच्याच खात्यात, कारखान्याच्या कॉलनीत आमच्या शेजारीच राहायचे. त्यांचं घराणं दौंडमध्ये कित्येक पिढ्यांचं. फोरमननी त्याच दिवशी यांना मिलवरून काढलं आणि यार्डात गाड्या लावून घ्यायच्या कामावर पाठवलं. नोकरी घेतली नाही, पण म्हणाले, "बबन, शुद्धीवर येशील तवा मिलवर ये. तवर मला तुझं मरान माझ्या डोळ्यांदेखत नको."

हे घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. शब्बीरभाई उंबऱ्यातच उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्या दौंडला न्यायचं. मी रजा टाकली. आता इचारायचं न्हाई, न्यायचं."

दौंडच्या त्या दवाखान्यातले दिवस आता तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. फिनेलचा वास. खिडकीतून ऐकू येणाऱ्या रेल्वेच्या शिट्ट्या. पहिले दोन दिवस हे कोऱ्या भिंतीकडे बोट करून म्हणायचे, मुंग्या चालल्यात बघ. घामानं गादी भिजायची. सलाईन, गोळ्या, मग झोप, मग पुन्हा गोळ्या. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज शांत. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"प्यायची आठवण सगळ्यात जास्त कधी येते?" त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "दिवेलागनीला."

"गोळ्या मी देईन. त्या वेळेवर घ्यायच्या. दर आठवड्याला इथं दारू सोडलेल्या माणसांची बैठक असते, तिला यायचं. पण संध्याकाळ मला देता येत नाही, बबनराव. ती तुम्हाला भरून काढावी लागेल. दिवे लागायच्या आधी घराबाहेर पडायचं आणि घाम येईपर्यंत चालायचं. अंग दमलं की झोप येते, भूक लागते, मन जरा हलकं होतं. दारूनं जे जे मिळतं असं तुम्हाला वाटत होतं, त्यातलं थोडंथोडं शरीर स्वतः द्यायला लागतं. पळायचं मात्र नाही एवढ्यात. दोन-तीन महिन्यांनी छाती तपासू, मग बघू."

"नुसत्या चालन्यानं दारू सुटती व्हय?" यांनी विचारलं.

"नुसत्या चालण्यानं नाही. नुसत्या गोळ्यांनीही नाही. म्हणून तर दोन्ही सांगतेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "एकट्याला पाठवू नका. सुरुवातीला सोबत लागते."

सोबत म्हणजे शब्बीरभाई, असं आम्ही धरून चाललो. आठवडाभर ते गेलेसुद्धा. मग त्यांची शिफ्ट बदलली. त्या दिवशी ऊन उतरलं, समोरच्या चाळीवर सावली आली आणि हे दारात येरझाऱ्या घालायला लागले. हातांची बोटं एकमेकांत गुंतवायचे, सोडवायचे. हायवेकडच्या रस्त्याकडे बघायचे.

मी रूपालीला उचललं, शब्बीरभाईंच्या मेहरूनभाभींकडे ठेवलं आणि परत येऊन चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

"तू? लोक काय म्हनतील?"

"आत्ता जे म्हणतात त्याच्याहून वेगळं काय म्हणणार आहेत?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. आम्ही कॅनॉलकडे निघालो.

कॅनॉलचा भराव म्हणजे मुरमाची वाट. एका बाजूला हिरवट, संथ पाणी, दुसऱ्या बाजूला उसाची शेतं. काही उभी, काही तोडून मोकळी झालेली. तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या खोप्या ओळीनं उभ्या असायच्या आणि संध्याकाळी त्यातून चुलींचा धूर निघायचा. तो धूर वर न जाता पाण्यावर पसरायचा. बाजरीच्या भाकरीचा वास, शेणाचा वास, गारठलेल्या पाण्याचा वास. बगळे बाभळीवर उतरायचे. मी सात-आठ वर्षं त्या गावात राहत होते आणि हे सगळं पहिल्यांदा बघत होते. बाईमाणसानं संध्याकाळी नुसतं चालायला म्हणून घराबाहेर पडायची पद्धतच नव्हती.

पहिल्या मोरीपर्यंत जाईतो यांना धाप लागली. कठड्यावर बसले, मग बाजूला वाकून उलटी झाली. प्यायचं पाणी बरोबर नव्हतं. मी पदरानं तोंड पुसलं.

"मला न्हाई जमायचं, सुनंदा."

"बसा. घाम गार झाला की उठू."

"घसा न्हाई गं मागत," ते हळूच म्हणाले. "हातं मागत्यात. हातात कायतरी पायजे वाटतं."

मी रस्त्याकडेचा उसाचा तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. तो धरून ते परत आले. पुढं रोजच एखादा तुकडा हातात असायचा. कधी काठी, कधी दगड. मग एक दिवस हात मोकळे हलायला लागले आणि ते कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कॉलनीतल्या नळावर बायकांना विषय मिळाला. जोडीनं हवा खायला जातात म्हणे. कुणी म्हणायची, नवरा ढाब्यावर पळंल म्हणून ही मागं मागं हिंडती. मी हंडा भरून घ्यायचे आणि निघायचे. कान तापायचे, पण पाय हलके वाटायचे. त्याचं मला नवल वाटायचं. शिरूरला शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. पळतीत बरी होते. बसलेल्या मुलींमधून सपासप वळत जाताना वेणी गालावर आपटायची, मैदानाची माती दातांत यायची, आणि बाकी जगात काय चाललंय याचा पत्ता नसायचा. लग्न झालं आणि पायांना नळ, दुकान आणि देऊळ एवढंच उरलं. कॅनॉलवर चालताना ते पाय मला परत भेटायला लागले. नवऱ्याच्या औषधाला म्हणून निघाले होते मी, आणि संध्याकाळची वाट त्यांच्याइतकीच मीही बघायला लागले होते.

अशात वडगाव रासाईहून माझे सासरे आमच्याकडं राहायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उंच, काटक, डोक्याला लाल पटका. पोरपणी ते वडिलांबरोबर मेंढरांमागं मैलोन् मैल चालले होते. मुलाच्या दारूनं ते खचले होते, त्याच्याशी फारसं बोलत नसत. मला धाकधूक वाटत होती. सून रोज संध्याकाळी नवऱ्याबरोबर रानोमाळ फिरते हे त्यांना कसं सांगायचं?

सांगावं लागलं नाही. नळावरच्या कुणीतरी सांगितलंच होतं. संध्याकाळी मी चपला घालायला गेले तर आबा काठी घेऊन दारात उभे.

"मी बी येतो," म्हणाले. "बघू तरी काय औषध हाय."

ते पुढं, हे मध्ये, मी मागं. सत्तरीचा म्हातारा झपाझप चालत होता आणि मुलगा धापा टाकत होता. मोरीपाशी आबा थांबले, मागं वळून मुलाकडे बघत राहिले. किती तरी दिवसांनी त्यांनी त्याला सरळ बघितलं असेल.

"लै वाळलास रं, बबन्या," एवढंच म्हणाले आणि स्वतःच्या पटक्याच्या शेवानं त्याच्या कपाळाचा घाम टिपला.

परतताना नळावर बायका होत्याच. आबा तिथं थांबले. आवाज चढवला नाही. "माझी सून माझ्या लेकाला वढून काढतीया," म्हणाले. "तुमच्यातली कोन येती का संगं? वाट मोठी हाय." हंड्यात पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मला त्या आवाजाइतकं गोड काही त्या वर्षात ऐकू आलं नव्हतं.

पण सगळं असं चढतच गेलं असं नाही. संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी जुन्या शिफ्टमधल्या एकाच्या घरी जेवण होतं. कामावरून हे परस्पर तिकडे गेले. परत आले तेव्हा दारातूनच वास आला. मी रूपालीला जेवू घातलं. हे कोपऱ्यात बसून रडत होते. त्यांचं रडणं ऐकूनही माझ्या डोळ्यांत पाणी येईना. आत सगळं कोरडं पडल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन दौंडच्या एसटीत बसले. वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरीणबाई रागावतील, वाटलं तर हाकलून देतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, गोळ्या थोड्या बदलल्या.

"हा आजार आहे. यात पाय घसरतो," म्हणाल्या. "काल काय झालं ते कळलं. आज संध्याकाळी काय करणार?"

यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "जी?"

"आज संध्याकाळी. परत पोचाल तेव्हा ऊन असेल अजून."

पाटसला स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मी घराकडे वळले, तर हे उभेच. म्हणाले, "पिशवी दुकानात ठेव. हितनंच जाऊ." आम्ही परगावचे कपडे घालून, मी ठेवणीतली साडी नेसून, तसेच कॅनॉलवर गेलो. त्या दिवशी ते माझ्या पुढं चालले. मला वाटतं, त्यांची दारू खरी सुटली ती त्या संध्याकाळी. पहिल्या दिवशी सोडलेली दारू भीतीनं सोडली होती. या वेळी त्यांनी स्वतः पाऊल टाकलं होतं.

पुढच्या महिन्यात बाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, आता थोडं पळून बघा. थोडं चाला, थोडं पळा. दम लागला की परत चाला.

पळायचं म्हटल्यावर माझी साडी आड यायला लागली. एकदा निऱ्यांत पाय अडकून मुरमावर आपटले, गुडघा सोलला. मेहरूनभाभींनी हळद लावली आणि आत जाऊन स्वतःचा एक सलवार-कमीज घेऊन आल्या, फिक्या निळ्या रंगाचा. "हे घाल," म्हणाल्या. "साडीत पळशील तर एक दिवस कॅनॉलमदी जाशील. मग आम्ही बबनभाईंना काढायचं का तुला?" दौंडच्या बाजारातून त्यांनीच कापडी बूटही आणवले.

आमच्या घरात तोवर कुणा सुनेनं साडीशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. मी तो ड्रेस घालून बाहेर आले तेव्हा आबा ओसरीवर तंबाखू मळत होते. मी ओढणी सारखी करत उभी राहिले. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मोकळं वाटतंय न्हवं?"

"व्हय, आबा."

"मंग झालं," म्हणाले, आणि पुन्हा तंबाखूकडं वळले.

ते पहिलं पळणं मला अजून अंगावर आठवतं. एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंतच, फार नाही. थंडी उतरणीला लागली होती. सूर्य उसाच्या तुऱ्यांत अडकला होता आणि सगळे तुरे पेटल्यासारखे दिसत होते. बुटांखाली मुरूम करकरत होता. शेजारी यांचा श्वास, धाप लागलेला पण एका लयीत. कानांत वारा भरला. दुसऱ्या मोरीला हात लावला आणि दोघंही कमरेवर हात ठेवून वाकलो. ते हसायला लागले. नुसतेच हसत होते, काही कारण नसताना. माझ्या मैत्रिणींना आवडलेलं ते हसणं मी कित्येक वर्षांनी ऐकत होते.

त्यानंतर घरात बारीकसारीक गोष्टी बदलायला लागल्या. दोन भाकरींवर तिसरी मागून घ्यायला लागले. अंथरुणाला पाठ टेकली की झोप. सकाळी चहाचा कप हातात. मी तेव्हा घरी ब्लाउज शिवायचे. एका दुपारी मशीनच्या सुईत दोरा ओवत होते, जाईना. हे बाजूला बसले होते. "आन इकडं," म्हणाले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईपाशी नेलं आणि एका झटक्यात आरपार घातलं. मग स्वतःच्याच हाताकडे बघत बसले. हात हवेत तसाच धरला होता आणि तो हलत नव्हता. रूपाली येऊन त्या हाताला लोंबकळली, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

आपलं अंग आपल्याला परत मिळतं ते असं. कुणी हार घालत नाही, वाजंत्री नसते. दुपारची वेळ असते, मशीनवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं ब्लाउज असतं आणि सुईत दोरा जातो.

धुळवडीची मला धास्ती होती. त्या दिवशी मटण असतं, आणि मटणाबरोबर बाटली असते. आम्ही आदल्या दिवशी वडगाव रासाईला गेलो. तिथंही तेच, भावकीतले सगळे मळ्यात जमायचे. सकाळी यांनी मला लवकर उठवलं. म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत दम निघायचा न्हाई, आत्ताच चल. भीमेच्या काठानं आम्ही पळालो. कलिंगडाच्या वाड्या, मोटारींचे पाइप, वाळूवर पक्ष्यांच्या पायांची नक्षी. पाणी उतरलेलं होतं आणि पलीकडच्या काठावरची माणसं स्पष्ट दिसत होती. दमलो की चाललो, परत पळालो. ऊन तापल्यावर हे कपड्यांसकट पाण्यात बसले. मळ्यातून बोलावणं आलं तेव्हा यांच्या अंगात उभं राहायचीही ताकद नव्हती. चुलतभाऊ म्हणाला, "बबनदादा, एक घोट. सनाचा." हे म्हणाले, "गड्या, मला भूक लागलीय. रस्सा वाढ." आणि असे जेवले की चुलतभाऊ वाढतच राहिला.

मार्च निघाला तसा ऊस संपत आला. तोवर कॅनॉलवर आम्ही दोघंच उरलो नव्हतो. शब्बीरभाई शिफ्ट नसेल तेव्हा यायचे. पोट सुटलेला एक क्लार्क यायला लागला. यार्डातले दोघंजण आले, ज्यांना यांच्यासारखाच त्रास होता. त्यांना हे स्वतः दौंडला घेऊन गेले. मेहरूनभाभी रूपालीला कडेवर घेऊन मोरीपर्यंत चालत यायच्या. आणि एक दिवस नळावरची, मला सगळ्यात जास्त हसलेली बाई पायात चपला घालून वाटेवर उभी होती. मी सरकून तिला जागा दिली. चालायला लागलो.

हंगाम बंद व्हायच्या आधी कामगारांच्या खेळांच्या स्पर्धा व्हायच्या. पुरुषांसाठी पळण्याची शर्यत, गेटपासून हायवेपर्यंत आणि परत. बायकांसाठी लिंबू-चमचा. यांनी शर्यतीत नाव दिलं होतं. मी लिंबू-चमच्याच्या रांगेत उभी होते, तोंडात चमचा, निळा ड्रेस. तिकडे शर्यतीची माणसं गोळा व्हायला लागली. त्यांच्यात मला हे दिसले. पाय झटकत होते, आणि नजर गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मला शोधत होते. आम्ही कधीच एकमेकांशिवाय पळालो नव्हतो.

मी लिंबू शेजारणीच्या हातात दिलं आणि तिकडे गेले.

शिट्टीवाला म्हणाला, "वहिनी, ही गड्यांची शर्यत हाय."

"मला बक्षीस नको," मी म्हटलं. "पळू द्या."

तो फोरमनकडे बघायला लागला. फोरमन यांच्याकडे बघत होते. यार्डात काम करून काळा पडलेला, पण गाल भरलेला, डोळे स्वच्छ झालेला माणूस. "पळू दे," फोरमन म्हणाले. "दोघं संगंच सराव करत्यात. मी रोज बघतो."

सुरुवातीला सगळी तरुण पोरं पुढं निघून गेली. आम्ही आमच्या लयीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीवान, तोडणीवाल्या बाया, पानपट्टीवाले. काही हसत होते, काही नुसतेच बघत होते. ज्या ढाब्यापाशी यांची पावलं कित्येक वर्षं वळायची, त्याच्या समोरूनच वळसा होता. ढाब्याचा मालक गल्ल्यावरून उठून बाहेर आला. यांनी त्याच्याकडे बघून हात केला, आणि आम्ही वळलो.

परतीच्या वाटेवर पुढं गेलेली पोरं दमलेली सापडायला लागली. एक, मग दुसरा, मग तिघं एकदम. माझ्या पायांत शिरूरचं मैदान उतरलं होतं. गेट दिसायला लागलं तसं मी जरा सावकाश झाले.

"माज्यासाठी थांबू नगंस," हे म्हणाले, श्वास घेत घेत. "जा."

"तुम्ही?"

"मी येतो. आता मी येतोच. जा तू."

मी गेले. जेवढं अंगात होतं तेवढं घेऊन गेले. वेणी सुटली, ओढणी कुठं पडली कळलं नाही. गेटमधून आत शिरले तेव्हा माझ्यापुढं थोडीच माणसं होती. टाळ्या ऐकू आल्या, पण त्या माझ्यासाठी आहेत हे मला उमगायला वेळ लागला. मी मागं वळून बघितलं. हे येत होते. मान ताठ, हात मोकळे, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. गेटमधून आत आले आणि सगळ्या कारखान्यादेखत म्हणाले, "बायकू पुढं गेली माजी. बघितलं का?" यार्डातली माणसं शिट्ट्या वाजवत होती. आबा काठी वर धरून उभे होते, आणि मेहरूनभाभी एकीकडे हसत, एकीकडे पदरानं डोळे पुसत होत्या.

फोरमननी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या हंगामाला मिलवर ये," म्हणाले. हे म्हणाले, "येतो, साहेब. पन सकाळची शिफ्ट द्या. माजी संध्याकाळ मोकळी पायजे."

त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. दौंडची बैठक मात्र हे अजून चुकवत नाहीत, आता नव्या माणसांसाठी जातात. पळणं तर सोडायचा प्रश्नच नाही. यांचा गुडघा कधी कधी कुरकुरतो, मग आम्ही चालतो. आबा गेले, शेवटच्या आजारपणातही संध्याकाळ झाली की विचारायचे, जाऊन आलासा का. रूपाली कॉलेजला आहे, आमच्यापेक्षा जोरात पळते. कॅनॉलच्या वाटेवर आता पुष्कळ माणसं दिसतात, बायकासुद्धा, आणि नळावर त्याचं कुणी काही बोलत नाही.

या वर्षी भोंगा झाला त्याच आठवड्यात कॉलनीत नव्यानं राहायला आलेली एक मुलगी माझ्याकडे आली. विशी-बाविशीची असेल. नवरा न्हावऱ्याकडचा, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बराच वेळ दारात घुटमळली, मग म्हणाली, "मावशी, तुमच्यातल्यांनी आमच्या मालकाला संगं न्यावं. त्यांची लै वाढलीय. पर ते यायला तयार न्हाईत."

"दौंडच्या दवाखान्याचं आमचे हे बोलतील त्याच्याशी," मी म्हटलं. "ते करावंच लागेल, नुसतं पळून भागत नाही. पण संध्याकाळी तू ये."

"मी?"

"तूच."

ती आली. साडीचा पदर खोचून, मान खाली घालून चालायची. तिचा नवरा कॅनॉलच्या पुलापाशी रिकामा ट्रॅक्टर लावून मडगार्डवर बसलेला असायचा, आमच्याकडे बघत, कधी हसत, कधी तोंड फिरवून. दवाखान्याचं नाव काढलं की नको म्हणून मान हलवायचा. हे रोज त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढं व्हायचे, जास्त नाही. ती मात्र एक दिवस चुकली नाही. मान हळूहळू वर यायला लागली होती तिची.

काल आम्ही पुलावरून पुढं गेलो आणि मागं पावलं वाजली. मी वळून बघितलं. तो ट्रॅक्टरवरून उतरला होता आणि खिशात हात घालून, बरंच अंतर ठेवून, आमच्या मागून चालत येत होता. तिलाही ती पावलं ऐकू आली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. चाल तेवढी जरा कमी केली.